मोटार आज जळली नाही, महिनाभर जळत होती

यावल तालुक्यातल्या एका बाजारगावात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मे महिन्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. जळालेल्या सबमर्सिबल ओळीनं आडव्या पडलेल्या, तांब्याच्या तारेची भेंडोळी, वार्निशचा उग्र वास, आणि बाहेर बाकड्यावर चेहरे पाडून बसलेले केळीवाले. ४४-४५ डिग्रीच्या उन्हात केळीचं पाणी दोन दिवस तुटलं तरी बाग मान टाकते, त्यामुळे प्रत्येकाला आपली मोटार आधी हवी असते.

एकदा वाइंडिंगवाल्या भाऊंना सहज विचारलं, "एवढ्या मोटारी जळतात त्या लोक लोड जास्त टाकतात म्हणून का?"

ते हसले. "लोडनं नाही जळत भाऊ. पाच एचपीची मोटार पाच एचपीचं काम करायलाच बनवलेली असते. व्होल्टेज पडतं आणि लोड तेवढाच राहतो, तेव्हा ती जास्त करंट ओढते. वाइंडिंग तापतं. शेतकऱ्याला वाटतं, आज जळली. आज नाही जळली, ती महिनाभर जळत होती."

हे बोलणं पुढं दोन वर्षांनी आठवलं, जळगावला एका नात्यातल्या घरी दारावर बसायला गेलो होतो तेव्हा. गेलेला माणूस ४३ वर्षांचा. एका फायनान्स कंपनीत वसुलीच्या कामाला होता. सकाळी अंघोळ करून बाहेर आला, छातीत कळ आली, दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांचं एकमत होतं: "टेन्शननं गेला." कोपऱ्यातल्या एका ऐंशीच्या बाबांना मात्र हे पटत नव्हतं. ते म्हणाले, "आम्ही काय कमी राबलो? पहाटे चारला मोटेवर जायचो, रात्री नऊला घरात. आम्हाला नाही झालं काही."

मला दोन्ही म्हणणी खरी वाटली. एखाद्या माणसाचा मृत्यू कशानं झाला ते सतरंजीवर बसून ठरवता येत नाही हे खरंच. त्याला बीपी होतं का, साखर होती का, तंबाखू किती, घराण्यात कुणाला हृदयविकार होता का, हे सगळं त्यात येतं. पण हजारो कामगारांकडे एकत्र पाहिलं तर काही सांगता येतं का? येतं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्यावर चांगला अभ्यास झाला आहे. त्यातून जे निघालं ते त्या बाबांच्या आणि वाइंडिंगवाल्या भाऊंच्या बोलण्याशी चकित व्हावं इतकं जुळतं.

साहेब आधी जातो की शिपाई?

आपल्याकडे समजूत अशी की टेन्शन साहेबाला. शिपायाचं काय, फाइल इकडून तिकडे नेली की झालं. लंडनमध्येही हीच समजूत होती. मोठ्या हुद्द्यावरच्या, धावपळ करणाऱ्या, सतत निर्णय घेणाऱ्या माणसाला हार्ट अटॅक येतो असं डॉक्टरही म्हणत.

१९६७ मध्ये ब्रिटिश सरकारी कचेऱ्यांमधल्या सुमारे साडेसतरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांची नोंद करायला सुरुवात झाली. कचेऱ्या ज्या रस्त्याच्या आसपास आहेत त्याच्या नावावरून या अभ्यासाला 'व्हाइटहॉल' म्हणतात. पुढची वर्षानुवर्षं कोण आजारी पडतो, कोण कशानं जातो, याची नोंद ठेवली गेली. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे मांडले तेव्हा समजूत उलटी पडली. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या माणसांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट होतं. आणि ही फक्त वर-खालची बाब नव्हती. जिन्याच्या पायऱ्यांसारखं होतं: सर्वोच्च अधिकाऱ्यापेक्षा त्याच्या हाताखालचा थोडा जास्त धोक्यात, त्याच्यापेक्षा कारकून जास्त, कारकुनापेक्षा शिपाई.

खालच्या पायरीवर सिगारेटी जास्त ओढल्या जात होत्या, हे खरं. बीपीचाही फरक होता. पण ही सगळी कारणं हिशेबातून वजा केली तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. लक्षात घ्या, यातला कुणीही उपाशी नव्हता. सगळ्यांना पक्की सरकारी नोकरी, पेन्शन, आजारपणाची रजा, मोफत सरकारी दवाखाना. मग शिपायाला मारत काय होतं?

याचं उत्तर शोधायला १९८५ मध्ये दुसरा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. या वेळी बायकाही घेतल्या, एकूण १०,३०८ माणसं. त्यांना कामाबद्दल बारकाईनं विचारलं गेलं. काम कधी करायचं हे तुम्ही ठरवता का? कसं करायचं ते? सुट्टी घेता येते का? उत्तरांत ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी निघाला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत हृदयविकार जास्त निघाला. वरच्या आणि खालच्या श्रेणीतल्या तफावतीचा बराचसा हिस्सा या एका गोष्टीनं उलगडत होता.

"मना हातमा काय शे?"

ताबा हा शब्द जरा कोरडा आहे. आपल्याकडे अहिराणीत माणूस खांदे उडवून म्हणतो, "मना हातमा काय शे?" माझ्या हातात काय आहे? संशोधक ज्याला ताबा म्हणतात ते हेच. काम किती आहे ही एक गोष्ट. ते कधी, कसं, कोणत्या क्रमानं करायचं, मध्ये दहा मिनिटं टेकायचं की नाही, 'आज नाही जमणार, उद्या सकाळी देतो' असं म्हणायची मुभा आहे की नाही, आणि काम करताना आपलं डोकं वापरता येतं की नुसते हात, ही दुसरी.

रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी अभ्यासकानं १९७९ मध्ये या दोन गोष्टी एकमेकांवर आडव्या-उभ्या ठेवल्या आणि कामाची चार घरं केली. आपल्या भागातली माणसं त्यात बसवून बघा. काम भरपूर आणि ताबाही भरपूर: वाइंडिंगवाले भाऊ, सराफ बाजारात स्वतःच्या भट्टीवर बसणारा कारागीर, केळीचा व्यापारी. काम कमी, ताबा भरपूर: असं नशीब फार थोड्यांचं, नावं घेत नाही. काम कमी आणि ताबाही कमी: एमआयडीसीत गेटवर रात्रभर बसणारा वॉचमन. चौथं घर वाईट. काम मानेपर्यंत आणि हातात काही नाही. डाळमिलमध्ये मशीनच्या वेगानं पोती शिवणारा, महिन्याचं टार्गेट वरून आलेला वसुलीवाला, ॲप सांगेल तिकडे धावणारा डिलिव्हरीचा पोरगा, वेळापत्रक दुसऱ्यानं आखलेलं आणि रस्त्यावरचा खड्डा मात्र स्वतःचा असा एसटी ड्रायव्हर. कॅरासेक यांनी या घरातल्या अवस्थेला कामाचा ताण म्हटलं. नुसत्या जास्त कामाला त्यांनी ते नाव दिलं नाही. पुढं यात तिसरी गोष्ट जोडली गेली: सोबत कोण आहे. अडचणीत हात देणारा सहकारी आणि ऐकून घेणारा वरिष्ठ असला की तेच घर थोडं सुसह्य होतं.

म्हणजे लोड आणि व्होल्टेज. पाच एचपीची मोटार पाच एचपीचं काम करायलाच बनवलेली असते.

ही नुसती उपमा राहू नये म्हणून एक अभ्यास सांगतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात साठीच्या आसपासच्या २,३६३ माणसांवर सात वर्षं नजर ठेवली गेली. तो अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. ज्यांच्या हातात कामाचा ताबा नव्हता, त्यांच्यात हलकं काम असणाऱ्यांपेक्षा जड काम असणाऱ्यांची मरण्याची शक्यता १५.४ टक्क्यांनी जास्त निघाली. इथवर अपेक्षितच. पण ज्यांच्या हातात ताबा होता, त्यांच्यात जड काम असणाऱ्यांची मरण्याची शक्यता हलकं काम असणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होती. कमी! ताबा असेल तर डोक्याला ताण देणारं काम माणसाला बळ देतं असा त्याचा अर्थ लागतो. तेवढ्यावरून सगळ्या जगाचा नियम करू नये. एक राज्य, एका पिढीची माणसं. पण सतरंजीवरच्या त्या बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. मोट कधी सोडायची, बैलांना कधी टेकवायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं.

पायाशी साप

मनातली गोष्ट हृदयाच्या नळीपर्यंत कशी पोहोचते? इथं जरा थांबावं लागेल, कारण इथंच बहुतेक लोक "सगळं मनाचं असतं" म्हणून विषय बंद करतात.

समजा तुमच्या भागाला या आठवड्यात रात्रीची लाइट आहे. रात्री दोनला मोटार चालू करायला शेतात गेलात आणि बॅटरीच्या उजेडात पायाशी साप दिसला. साप आहे हे मनात पुरतं उमगण्याआधीच तुम्ही मागं उडी मारलेली असते. त्या क्षणी दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींनी ॲड्रेनलिन सोडलेलं असतं. हृदय धडधडतं, बीपी चढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, पचन थांबतं. रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशीही चिकट होतात, कारण जखम झालीच तर रक्त लवकर गोठायला हवं. मागोमाग कॉर्टिसॉल येतं आणि ही सगळी तयारी काही काळ टिकवून धरतं. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये याचं वर्णन लढा किंवा पळा असं केलं. रचना अप्रतिम आहे. साप सरसरत बांधापलीकडे जातो, तुम्ही दोन शिव्या देता, अर्ध्या तासात सगळं खाली येतं.

आता साप काढा. त्याच्या जागी रात्री साडेनऊला वसुलीच्या ग्रुपवर आलेली यादी ठेवा, तुमच्या नावापुढं लाल रंग. शरीराला या दोन गोष्टींतला फरक कळत नाही. ते तीच तयारी करतं. फक्त इथं उडी मारायला जागा नाही, शिवी द्यायची सोय नाही, आणि साप जात नाही. उद्या सकाळी नऊच्या मीटिंगला तो तिथंच असतो.

रोज असं झालं की चढलेलं बीपी पुरतं उतरत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला बारीक इजा होत राहते, तिथं सूज येते, चरबी बसते. साखर वर राहते. पोटाभोवती चरबी साठते. चिकट झालेलं रक्त अरुंद झालेल्या नळीतून जायला लागतं, आणि मग एखाद्या सकाळी गुठळी अडकते. ब्रूस मॅकईवन या शास्त्रज्ञानं या साचत जाणाऱ्या झिजेला ॲलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं. लोड हाच शब्द, योगायोगानं.

दुसरी वाट जास्त ओळखीची आहे. ताण आला की हात खिशाकडे जातो. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सर्वेक्षणात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, म्हणजे चारात एक, आणि त्यातले बहुतेक ती तोंडात धरणारे. पाळीच्या कामात मळलेली तंबाखू हीच विश्रांती असते. तेवढी दोन मिनिटं कुणी काही म्हणत नाही. मग झोप तुटते, चालणं बंद होतं, रात्री अकराला शेवभाजी आणि वर आणखी काही. आणि तिसरी वाट कुणी मोजत नाही: छातीत जळजळलं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन कामावर जाणारा माणूस. दवाखान्यात गेला तर खाडा पडतो, खाडा पडला तर हजेरी कापली जाते. ताबा नसणं म्हणजे आजारी पडायचीही मुभा नसणं.

कॉल

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील मालगाडीचे गार्ड. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. तेव्हा ड्युटीला बोलवायला कॉल बॉय यायचा. रात्री दीडला सायकलची घंटा, दार वाजायचं, वडील रजिस्टरवर सही करायचे आणि आई स्टोव्ह पेटवायची. निवृत्तीनंतर त्यांना एकदा विचारलं, सगळ्यात त्रासाचं काय होतं? मला वाटलं ते ऊन म्हणतील, किंवा यार्डात तासन्‌तास अडकलेली गाडी. ते म्हणाले, "गाडीवर काही त्रास नव्हता रे. घरी झोपलेलो असताना कॉल कधी येईल हे माहीत नसायचं, तो त्रास." निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सायकलच्या घंटेनं त्यांना जाग यायची.

पाळीच्या कामावर एक मोठा गोषवारा २०१२ मध्ये छापला गेला. ३४ अभ्यास, मिळून २० लाखांवर माणसं. पाळीत काम करणाऱ्यांत हार्ट अटॅकचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त निघालं. शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं. रात्री तीनला जेवणं हे त्याच्या दृष्टीनं चुकीच्या प्लॅटफॉर्मवर गाडी घेण्यासारखं आहे. पण रात्रपाळी आधी माहीत असली तर माणूस काहीतरी बसवतो. माहीतच नसली तर घरी पडलेला असतानाही तो ड्युटीवर असतो.

५५ तास

तास मात्र मोजावेच लागतात, कारण ताबा कितीही असला तरी शरीराला दिवसाचे चोवीसच तास आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये जगाचा हिशेब मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या मानानं, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. एकट्या २०१६ या वर्षात लांब तासांमुळे गेलेली माणसं त्यांनी ७ लाख ४५ हजार धरली. ५५ तास म्हणजे सहा दिवस रोज नऊ तासांहून जरासं जास्त. बारा तासांच्या पाळीत सहा दिवस उभा राहणारा ७२ तास भरतो, आणि अशी पाळी आपल्या औद्योगिक वसाहतींत कुणाला नवलाची वाटत नाही.

त्या अहवालातली एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. मेलेल्यांपैकी बहुतेक ६० ते ७९ या वयातले होते. लांब तास त्यांनी ४५ नंतरच्या वर्षांत भरले होते. म्हणजे झीज आज होते आणि बिल दहा-पंधरा वर्षांनी येतं. तोवर कंपनी बदललेली असते, कंत्राटदार बदललेला असतो, कुणाकडे बोट दाखवायचं हा प्रश्नच उरत नाही. शेतकऱ्याला वाटतं, आज जळली.

जपाननं बोट दाखवायची सोय केली. तिथं अतिकामानं येणाऱ्या मृत्यूला स्वतंत्र शब्दच आहे, कारोशी. १९६९ मध्ये एका वर्तमानपत्राच्या पाठवणी विभागातला २९ वर्षांचा कामगार पक्षाघातानं गेला, तिथून ही चर्चा सुरू झाली. पुढं सरकारनं माप ठरवलं: आजाराच्या आधीच्या महिन्यात सुमारे १०० तास जादा काम, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत सरासरी ८० तास, असं असेल तर मृत्यूचा कामाशी संबंध धरायचा आणि घरच्यांना भरपाई द्यायची. आपल्याकडे कारखान्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे. ताणानं आलेला हृदयविकार नाही. आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर हे कलम १९४८ पासून कागदावर आहे. रविवारची सुट्टीसुद्धा अशीच भांडून मिळवलेली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला ती पदरात पडली. अमळनेर, धुळे, चाळीसगावच्या गिरण्यांतल्या माणसांनी पुढं जो रविवार उपभोगला त्यामागं ही सहा वर्षं होती.

केळीवाल्याचं काय?

आता कुणी विचारेल, शेतकऱ्याला तर पूर्ण ताबा आहे. स्वतःचा मालक. मग त्याला कसला ताण?

इथं वाइंडिंगवाल्याची उपमा अपुरी पडते आणि जर्मनीतले योहानेस सीग्रिस्ट कामाला येतात. त्यांनी १९९६ मध्ये दुसरा तराजू मांडला: एका पारड्यात घाम, दुसऱ्यात मोबदला. मोबदला म्हणजे पैसा, मान आणि उद्याची खात्री, तिन्ही. घामाचं पारडं वर्षानुवर्षं जड आणि दुसरं हलकं राहिलं तर तेही हृदयाला बाधतं. रावेरचा केळीवाला पाणी कधी द्यायचं, खत कोणतं टाकायचं हे ठरवतो. पण कटाईच्या दिवशी टोळी दारात उभी असते, बोर्डावरचा भाव एक आणि हातात पडणारा दुसरा. माल झाडावर थांबत नाही. वादळ मे-जूनमध्ये कधी येऊन बाग आडवी करेल ते कुणाच्या हातात नाही. तास त्याचे आहेत, निकाल त्याचा नाही. आणि त्याच बागेत घड डोक्यावर वाहणाऱ्या मजुराचे तासही त्याचे नाहीत. दुर्दैवानं अशा माणसांचे आकडे या मोठ्या अभ्यासांत फार थोडे आहेत; ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या पगारी नोकरदारांवर झाले.

किती घाबरायचं?

टक्केवारीला भ्यायच्या आधी ती उघडून बघावी. २०१२ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांतली १,९७,४७३ माणसं एकत्र घेतली गेली. कामाचा ताण असलेल्यांत हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांनी जास्त. ऐकायला मोठं वाटतं. समजा एका गावात ताण नसलेल्या हजार माणसांत दहा वर्षांत ५० जणांना हृदयविकार होतो. ताण असलेल्या हजारांत तो ६१-६२ जणांना होईल. बाकी ९३८ जणांना होणारच नाही. याच अभ्यासानं असंही मांडलं की समाजातल्या एकूण हृदयविकारापैकी सुमारे ३.४ टक्के ताणाच्या माथी येतो, तर धूम्रपानाच्या माथी ३६ टक्के. म्हणून "टेन्शन आहे म्हणून ओढतो" असं म्हणणाऱ्याला मी हळूच सांगतो की तू लहान सापाला भिऊन मोठा पाळला आहेस.

५२ देशांत झालेल्या आणि भारतही सामील असलेल्या २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात हा आकडा बराच मोठा निघाला होता: कामावर कायम ताण असल्याचं सांगणाऱ्यांत हार्ट अटॅकची शक्यता दुपटीहून थोडी जास्त. पण तिथं प्रश्न अटॅक येऊन गेल्यावर विचारले होते. खाटेवर पडलेला माणूस कारण शोधत असतो, आणि साहेबाचा चेहरा पटकन आठवतो.

असे चकवे या विषयात पुष्कळ. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर ताडून पाहिले. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त. रहदारीचं टेन्शन, असं कुणीही म्हणालं असतं. मॉरिस म्हणाले, कंडक्टर दिवसभर जिना चढतो, ड्रायव्हर बसून असतो. मग त्यांनी गणवेशाची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत आधीपासूनच सैल शिवलेल्या निघाल्या! एका फरकामागं तीन कारणं. म्हणूनच मी "टेन्शननं गेला" हे वाक्य ऐकलं की मान हलवतो, पण लगेच होकार देत नाही.

एका गटाला मात्र जास्त काळजी घ्यायला हवी. २०१८ मध्ये लाखावर माणसांच्या अभ्यासात, आधीच हृदयविकार, पक्षाघात किंवा मधुमेह असलेल्या पुरुषांत, कामाचा ताण असलेल्यांचा मृत्यूदर ताण नसलेल्यांपेक्षा ६८ टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांचं बीपी-कोलेस्टेरॉल गोळ्यांनी आटोक्यात होतं त्यांच्यातही हा फरक दिसला. म्हणजे शुगरवाल्या माणसाला रात्रपाळीतून काढा असं डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं तर ते गोळीइतकंच औषध आहे, आणि ते लिहून मागायला लाजू नये. छातीत दाबल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम सुटलेला, असं असेल तर सोडा पिऊन वाट पाहू नका, १०८ ला फोन लावा.

बाकी उपायांबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. कंपन्या वर्षातून एकदा योगाचं शिबिर घेतात, फोटो काढतात. योगाशी माझं भांडण नाही. पण व्होल्टेज पडलेलं असताना मोटारीला थंड पाण्याचा फडका बांधण्यातला तो प्रकार आहे. फुकट होणाऱ्या गोष्टी कुणी करत नाही. पाळीचा तक्ता शनिवारीच लावा. दोन कामगारांना आपसात पाळी बदलू द्या. रात्री आठनंतर ग्रुपवर यादी टाकू नका. मशीनचा वेग ठरवताना मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. दवाखान्यात गेल्याचा खाडा लावू नका. यात कुणाचं काम एका पोत्यानंही कमी होत नाही, फक्त माणसाच्या हातात काहीतरी येतं.

गेल्या मेमध्ये परत त्या वाइंडिंगच्या दुकानात गेलो. भाऊ आता साठीला आलेत. हंगामात सकाळी सातला शटर उघडतात, रात्री दहाला बंद करतात. मी पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. शटर अर्ध्यावर ओढलेलं, आत पंखा चालू, आणि भाऊ बोऱ्यावर आडवे. बाहेर बाकड्यावर सात-आठ जण उन्हात मोटारी घेऊन बसलेले. त्यातल्या एकाला म्हटलं, उठवा की. तो म्हणाला, "तीनशिवाय उठत नाहीत ते. कलेक्टर आला तरी नाही."